जेमी लॅनिस्टर आणि माझा मामा

आजचा एपिसोड ब्रह्मपुरीतून, घरच्या मागच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मध्ये कोंबडा ओरडला तर समजून घ्या. आणि हो, स्पॉयलर आहेत, शेवटापर्यंतचे. 'गेम ऑफ थ्रोन्स' 2019 ला संपली, आता कुणी 'अजून बघायची आहे' म्हणत असेल तर त्याला माझा इलाज नाही.

बोलायचंय जेमी लॅनिस्टरबद्दल. आणि माझ्या मामाबद्दल. मामाचं प्रकरण सांगू की नको, यात माझे दोन महिने गेले.

आधी जेमी. पहिल्या सीझनचा पहिला एपिसोड, 2011. दहा वर्षांचा ब्रॅन मनोऱ्यावर चढतो, खिडकीतून जेमी आणि त्याची सख्खी बहीण सर्सी यांना नको त्या अवस्थेत बघतो, आणि जेमी त्याला खिडकीतून खाली ढकलून देतो. पोरगं जन्मभराचं अपंग होतं. मी हे हॉस्टेलवर बघितलं, नागपूरला, एका लॅपटॉपवर सहा जण. सगळ्यांच्या तोंडून एकच शिवी निघाली.

मग तिसरा सीझन. हॅरनहॉलचा तो हमामखाना. जेमीचा उजवा हात तुटलेला, तापानं फणफणलेला, आणि तो ब्रिएनला सांगतो की वेड्या राजा एरिसला आपण का मारलं. राजानं अख्ख्या शहराखाली वाइल्डफायर पुरून ठेवलं होतं आणि सगळं पेटवायचा हुकूम दिला होता. सतरा वर्षांच्या पोरानं शपथ मोडली, राजाला मारलं, लाखो लोक वाचले. बदल्यात त्याला जन्मभर 'किंगस्लेअर' हे टोपणनाव चिकटलं. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

आमच्या खोलीत सन्नाटा. ज्या सहा जणांनी शिवी दिली होती, तेच सहा जण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये म्हणत होते, यार, जेमी भारी आहे.

पुस्तकात तर हे आणखी हुशारीनं केलंय. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण कुणा एकाच्या नजरेतून येतं. जेमीच्या नजरेतून पहिलं प्रकरण येतं ते थेट तिसऱ्या पुस्तकात, 2000 साली. म्हणजे दोन जाडजूड पुस्तकं तुम्ही त्याचा राग राग करायचा, आणि मग त्याच्या डोक्यात शिरायचं. एकदा डोक्यात शिरलात की राग धरणं कठीण जातं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 ची, मार्टिनच्या पहिल्या पुस्तकाच्या 29 वर्षं आधीची. तिथेही प्रत्येक जण आपापली बाजू स्वतः सांगतो. कर्ण सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. माझ्या आईनं ती तीनदा वाचलीय आणि कर्णासाठी तिन्ही वेळा रडलीय. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. भरसभेत द्रौपदीचा अपमान होत असताना कर्णानं जे शब्द काढले, ते जिच्याबद्दल होते, ती द्रौपदी त्या निवेदकांत नाही. मार्टिननं निदान ब्रॅनला पहिल्या पुस्तकापासून त्याची प्रकरणं दिली. ढकलणारा आणि पडणारा, दोघांचंही ऐकायला मिळतं.

आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. 1858 साली मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. सप्टेंबरमध्ये पकडले गेले, 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. पकडले गेले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून. इंग्रजांनी त्यांना त्याबद्दल इनाम म्हणून बंडवाल्यांची जप्त केलेली जमीनदारी दिली. आम्ही शाळेत हे ऐकलं तेव्हा एका वाक्यात निकाल लागला होता, फितुरी. आणि खरं सांगू, आजही माझा निकाल फार बदललेला नाही. पण त्या बाईच्या नजरेतून एक प्रकरण कुणी लिहिलं तर मी ते रात्रभर जागून वाचीन. उठाव मोडलेला, इंग्रज डेप्युटी कमिशनर दारात, आपली जमीनदारी राहते की जाते याचा भरवसा नाही. त्या रात्री ती काय विचार करत असेल? हे प्रकरण वाचून मी तिला माफ करीन असं नाही. वाचायचं मात्र आहे.

आता मामा.

तुमच्यातले जे पुण्या-मुंबईचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. रात्री दहाच्या पुढे सुरू, पहाटे संपतं. वडसा म्हणजे या धंद्याची राजधानी, सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथं. 2023 ला याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे दिवाळीसारखं वातावरण होतं.

मामा कंपनीवाला नाही, हौशी. गावच्या नाटकात बरीच वर्षं खलनायक करायचा. एकदा त्यानं सावकार केला होता, विधवेची जमीन लाटणारा. मी लहान होतो, तणसावर सतरंजी टाकून आईच्या मांडीत बसलो होतो, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं मामाला चप्पल दाखवली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात बाया त्याच्याशी बोलेनात. मामा खूश. म्हणे, 'हेच माहं बक्षीस.'

मी त्याला जेमीची गोष्ट सांगितली होती मागे एकदा. दाखवली नाही, मामासोबत बसून बघायची ती सिरीज नाही. ऐकून तो म्हणाला, 'आमच्या नाटकातबी असंच करतेत बाबू. खलनायकाले शेवटच्या अंकात रडवाचं. लोकं खूश होतेत. पन ज्याचं गेलं त्याले भेटते का काही?'

हे वाक्य मामानं म्हटलंय हे लक्षात ठेवा.

2007 सालची गोष्ट. आजोबा आदल्या वर्षी वारले होते. नऊ एकर धानाची शेती, त्यातली बोडीखालची बांधी सगळ्यात चांगली, पाऊस कमी झाला तरी बोडीचं पाणी मिळतं. वारस तिघं: मामा, माझी आई, मोठी मावशी. मामा दोघी बहिणींना घेऊन तालुक्याला रजिस्ट्री ऑफिसात गेला. मी नऊ वर्षांचा, शाळेला सुट्टी, म्हणून सोबत. बाहेर बाकड्यावर बसून आलुबोंडा खात होतो. मावशी माझ्या शेजारीच. तिला फक्त सही करता येते, वाचता येत नाही. तिनं विचारलं, 'भाऊ, हे कायचं आहे?' आणि मामा म्हणाला, 'वारसान चढवाचं आहे बाई. तिघायचं नाव लागते सातबाऱ्यावर. इथं सही कर.'

तिनं सही केली. आईनंही केली. संध्याकाळी मामानं दोघींना साड्या घेतल्या. मावशीची जांभळी होती.

तो कागद हक्कसोडपत्र होता.

आपल्याकडे हे किती घरांत झालंय, तुमच्याच घरी विचारून बघा. बऱ्याच बहिणी जाणूनबुजून सोडतात, माहेर तुटू नये म्हणून. माझ्या आईनं जाणूनबुजूनच सोडला. तिला कागद वाचता येत होता. मावशीला काय सांगितलं गेलं तेही तिला ऐकू आलं होतं. ती गप्प राहिली. हे मी तिला गेल्या महिन्यात विचारलं, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पंधरा मिनिटांनी चहा घेऊन आली. उत्तर तेवढंच.

पुढचा भाग. 2015 ला मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. बाबांचा पगार बेताचा. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल, मामानं भरलं. दर वर्षी धान विकलं की पैसे घेऊन स्वतः नागपूरला यायचा, बसनं, पैसे बनियनच्या आतल्या खिशात. एका वर्षी तुडतुड्यानं धान गेलं, तेव्हा त्यानं बैलजोडी विकली. मला ते दोन वर्षांनी कळलं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, ना मला ना आईला. आज मी ज्या लॅपटॉपवर हे रेकॉर्ड करतोय, तो त्या नोकरीचा, ती नोकरी त्या डिग्रीची, ती डिग्री त्या बोडीखालच्या बांधीची. त्यातला तिसरा हिस्सा मावशीचा होता.

मावशीचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. ती रोजीनं रोवणीला जाते. मुलगा दमण की सुरत, सारखा बदलतो. दोन वर्षांपूर्वी तिला कुणीतरी सातबारा काढून दाखवला आणि तिला कळलं की तिचं नाव तिथं नाहीच. ती मामाकडे गेली. मामा म्हणाला, तूच सोडला ना हक्क, तुझी सही आहे.

मी पुण्यात बसून ऑनलाइन फेरफार काढला. माझ्यासारख्या लोकांना समजेल असं सांगतो: सातबारा म्हणजे कोडची आजची अवस्था, फेरफार म्हणजे कमिट हिस्टरी. कुणी, कधी, काय बदललं. आणि कमिट मेसेजमध्ये लिहिलं होतं की बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला. रिव्ह्यू करणारा कुणी नव्हता. बाकड्यावर आलुबोंडा खाणारा एक पोरगा होता.

या दिवाळीला मावशी भेटायला आली. भांडली नाही. फक्त म्हणाली, 'तू त होतास ना रे बाबू तिथं. तुले आठवते का, त्यानं काय म्हटलं होतं?'

मला आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. मी तिला म्हणालो, 'मावशी, मी खूप लहान होतो.'

ती हो म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मी, का कुणास ठाऊक, 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा एपिसोड परत लावला. त्यात एक सीन आहे. किंग्जगार्डचं एक मोठं पांढरं पुस्तक असतं, प्रत्येक सरदाराचं एक पान, त्यात त्याची कामगिरी. जेमीचं पान अर्धं रिकामं असतं, चौथ्या सीझनमध्ये जॉफ्री त्यावरून त्याला टोमणा मारतो. शेवटी जेमी मेल्यावर ब्रिएन बसते आणि ते पान पूर्ण करते. लढाया, वेढे, दिलेलं वचन, तुटलेला हात. एक एक ओळ. पहिल्यांदा बघताना मी रडलो होतो.

या वेळी मी पॉज केलं. कारण त्या पानावर ब्रॅन नाही. ब्रिएननं लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही, पण खिडकी नाही. आणि ज्या पोराला ढकललं होतं तो त्याच राज्याचा राजा होऊन, व्हीलचेअरवर, त्याच राजवाड्यात बसलाय. ब्रिएन वाईट नाही हो. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, तो तिच्याशी चांगलाच वागला होता. म्हणूनच ते पान तिच्याकडून तसं लिहिलं गेलं.

इतकी वर्षं 'ग्रे कॅरेक्टर, ग्रे कॅरेक्टर' म्हणून आम्ही हॉस्टेलवर वाद घातले. ग्रे म्हटलं की आपण एक सरासरी काढतो. इतकं चांगलं, इतकं वाईट, बेरीज करून भागाकार, सोडून द्या. पण जेमीनं शहर वाचवलं म्हणून ब्रॅनचे पाय परत येत नाहीत. दोन वेगळ्या लोकांचे हिशोब आहेत. मामानं माझी फी भरली, तो हिशोब माझा आणि त्याचा. मावशीच्या खात्यात त्यातला एक रुपया जमा नाही. मी मात्र तिच्या खात्यातून मामाला सूट देत होतो, 'लहान होतो' म्हणून.

वकिलाला विचारलं. ते म्हणाले, कागद रजिस्टर्ड आहे, वर्षं खूप झालीत, अवघड आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीला कोर्टात किती वजन मिळेल तेही सांगता येत नाही. बहुतेक काही होणार नाही. हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

परवा मी मावशीला फोन केला. मागे मळणीच्या मशीनचा आवाज होता, ती ओरडून बोलत होती. मी म्हटलं, मला आठवतं. तिला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. परत म्हटलं. मग म्हणाली, 'सांगशीन?' मी म्हटलं, सांगीन. ती म्हणाली, 'मंग भाऊले आधी सांग. बाहेरून कळाले नको.' बघा, अजूनही तिला भावाची काळजी.

हा एपिसोड करायलाही तिचीच परवानगी घेतलीय. थोडे तपशील बदललेत, गावाचं नाव सांगणार नाही. मामा पॉडकास्ट ऐकत नाही, पण त्याचा मुलगा माझा एकूण एक एपिसोड ऐकतो. म्हणून आज फक्त रेकॉर्ड करतोय, अपलोड नंतर. रविवारी सकाळी वडशाची बस आहे. मामा त्या वेळी बोडीवर असतो, घरी मामीसमोर बोलण्यापेक्षा तिथं बरं.

म्हणजे तुम्ही हे ऐकत असाल, तर माझं मामाशी बोलून झालेलं आहे.