अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च
(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धाराचे काम निघाले, की बहुतेक गावांत पहिली वर्गणी निम्म्या वाटेवरच संपते आणि समितीला दुसऱ्यांदा दारोदार फिरावे लागते. मग पारावर कुजबुज सुरू होते, "पैसे गेले कुठे?" प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याने तो विचारावा व समितीने वही उघडून उत्तर द्यावे. परंतु खर्च वाढला म्हणजे कोणीतरी पैसे खाल्लेच, असे दर वेळी नसते. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊसचे, म्हणजे तेथील संगीत-नाट्यगृहाचे, उदाहरण पाहण्याजोगे आहे.

१९५७ साली डेन्मार्कचे वास्तुशिल्पी यॉर्न उटसन यांचा आराखडा निवडला गेला. पाण्याकाठी शिडांसारखी उभी छपरे! अंदाज ७० लाख डॉलरचा; लागले १० कोटी २० लाख. १९६३ साली पुरे व्हावयाचे काम १९७३ साली पुरे झाले.

राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री जो काहिल यांना धास्ती होती, की उशीर झाला तर पुढे कोणीतरी हे काम गुंडाळून ठेवील. म्हणून नकाशे अपुरे असतानाच मार्च १९५९ मध्ये कुदळ पडली. जोते चढू लागले, पण वरचे शिखर कसे पेलायचे हेच ठरले नव्हते, म्हणा ना! छपरे एकाच गोलाचे काप करून उभारायची, हा तोडगा १९६१ साली निघाला. तोवर उभे केलेले खांब त्या भारास अपुरे पडले व ते पाडून पुन्हा बांधावे लागले. बांधणे, पाडणे, पुन्हा बांधणे, अशी तिहेरी मजुरी पडली, हे गवंड्यास सांगावयास नको. तरीही घाईला सर्वस्वी दोष देववत नाही. काहिल १९५९ च्याच ऑक्टोबरात वारले, आणि काम सुरू झालेले नसते तर पुढे ते कोणी हाती घेतले असते की नाही, कोण जाणे.

पैसा बहुतांशी सरकारी लॉटरीतून, म्हणजे सामान्य लोकांच्या खिशातून आला. १९७५ पर्यंत सारे देणे फिटले. रोष मात्र कारागिरावर निघाला. १९६५ साली सरकार बदलले, नव्या सरकारने बिले अडवली आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये उटसन यांनी काम सोडले व पुढे ते मायदेशी परतले. २००८ साली ते वारले. पुरी झालेली ती वास्तू त्यांनी कधीच डोळ्यांनी पाहिली नाही.