नांगर
मंडळी, आपल्या आजऱ्यात नांगर म्हटलं की घनसाळ भाताचं शेत डोळ्यांपुढं येतं. आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जा, नाखव्याला विचारा. तो म्हणेल, नांगर होडी थांबवायला! शब्द एकच. आपला बैलामागं चालतो, त्याचा तळाशी धरून बसतो. पण दोन्ही कामाला येतात ते भुईत रुतल्यावर. गोठ्याला टेकवलेला नांगर शेत करत नाही, होडीत ठेवलेला उधाणात होडी धरत नाही. आणि रुतलेला नांगर दिसत नाही बरं का. वर दिसतो तो नुसता दोर. नाम म्हणजे तो दोर. माउली, गळ्यात माळ आहे, चांगलंच आहे. पण नांगर तळाला लागलाय, की अजून होडीतच? बोला, विठ्ठल विठ्ठल!