फासा खरा की खोटा?

(शाळेच्या गणित मंडळापुढे केलेले भाषण)



परवा मधल्या सुट्टीत सापशिडीवरून भांडण जुंपले. एका मुलाला सारखे सहाचे दान पडत होते. बाकीचे ओरडले, "फासा खोटा आहे!" तो बिचारा रडवेला झाला. मी फासा मागून घेतला आणि सर्वांना मिळून साठ वेळा टाकायला लावला.

फाशाला सहा बाजू. तो खरा असेल, तर प्रत्येक दान दहादा पडावे, ही आपली अपेक्षा. प्रत्यक्षात एक पडला ८ वेळा, दोन ९, तीन १०, चार ७, पाच ११ आणि सहा १५ वेळा. "बघा, पंधरा!" पुन्हा ओरडा झाला.

जरा थांबा. अपेक्षेहून किती कमी, किती जास्त, ते मांडू. कमी २, कमी १, बरोबर, कमी ३, जास्त १, जास्त ५. कमी एकूण ६, जास्तही ६. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात! म्हणून प्रत्येक फरकाला त्याच फरकाने गुणायचे : ४, १, ०, ९, १, २५. प्रत्येकाला अपेक्षेच्या दहाने भागून बेरीज केली, ती आली ४. खरा फासा असला, तर शंभरातून सुमारे ९५ वेळा ही बेरीज ११ च्या आत राहते. आपली तर चारच! मग या फाशाला खोटा कसे म्हणावे?

ही 'काय-वर्ग कसोटी' लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. 'काय' हे ग्रीक अक्षर आहे, प्रश्न नव्हे बरे! सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे पुढे याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकले.

पिअर्सन यांनीही फाशांचीच परीक्षा घेतली. त्यांचे मित्र प्राध्यापक वेल्डन यांनी बारा फासे एकदम टाकण्याचा प्रयोग केला होता, तोही २६,३०६ वेळा! पाच किंवा सहा १,०५,२२४ वेळा पडायला हवे होते. पडले १,०६,६०२ वेळा. हजारात चारपाचच जास्त. साठ दानांत एवढा बारीक फरक दिसलाच नसता. पण इतक्या दानांत बेरीज मर्यादेच्या फार पुढे गेली. फासे थोडे एका अंगाचे होते. ठिपके खळगे कोरून केलेले असतात. सहा खळग्यांची बाजू हलकी, म्हणून ती वर येते, असे त्याचे कारण सांगतात.

त्या मुलाला मी फासा परत दिला. त्याने तो ऐटीत टाकला. पडले एकचे दान, आणि स्वारी थेट सापाच्या तोंडी!