किरणोपचार आणि शरीराची प्रतिकारशक्ती

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गर्भाशयमुखाचा कर्करोग हा विषय आपल्या घरांत मोठ्याने बोलला जात नाही. आज त्यातील एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. या रोगावर किरणोपचार, म्हणजे लोकांच्या बोलीतला ‘शेक’, सुरू झाला की शेजारीपाजारी म्हणू लागतात, “शेकाने रक्त आटते, अंगातली ताकद जाते, आता पुरे करा.” या म्हणण्यात तथ्य किती आणि भ्रम किती, हे समजून घेतले पाहिजे; कारण अर्ध्यावर सोडलेला उपचार स्त्रीच्या जिवावर बेततो.

हा रोग बहुधा मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून उद्भवतो. हा संबंध उजेडात आणणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांची प्रतिकारशक्ती या विषाणूला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांपैकी काहींना अनेक वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे या रोगाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आरंभापासूनचा आहे.

आता किरणांकडे वळू. आपले रक्त हाडांतील मज्जेत तयार होते. प्रौढ माणसात अशी जवळजवळ निम्मी मज्जा कटीची हाडे व कमरेचे मणके यांत असते, आणि नेमका हाच भाग किरणांच्या वाटेवर येतो. शिवाय पांढऱ्या पेशींतील लसिकापेशी, ज्या विषाणूंशी व कर्करोगाशी झुंजतात, त्या किरणांपुढे फार नाजूक ठरतात. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांची संख्या बरीच घटते आणि ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

परंतु ही झाली एक बाजू. किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, तेव्हा त्यांचे अंतरंग उघडे पडते. लपून बसलेला शत्रू शरीराच्या रक्षक पेशींना त्यामुळे ओळखता येऊ शकतो. एकीकडे सैन्य घटते, तर दुसरीकडे शत्रूचा ठावठिकाणा लागतो. याच आधारावर किरणोपचारास प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाची जोड देण्यात आली. १,०६० रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण जोड औषध मिळालेल्या गटात सुमारे ८३ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ७५ टक्के आढळले. हे औषध महाग आहे. पण त्यावरून किरण व प्रतिकारशक्ती एकत्र काम करू शकतात, हे दिसून येते.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने रोग बराच पुढे गेलेल्या ८५० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्यांना केवळ किरणोपचार दिला, तर निम्म्यांना त्यासोबत दर आठवड्यास सिस्प्लाटिन हे औषध दिले. या औषधाने रक्तपेशी आणखी घटतात. तरीही पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. रक्तपेशी घटणे हे उपचार सोडण्याचे कारण नव्हे. ते काळजी घेण्याचे कारण आहे.

ही काळजी कोणती? बाहेरून दिले जाणारे किरण साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे घ्यावे लागतात. त्याला जोडून आतून किरण दिले जातात. सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा लागतो. चवथ आली, शिगमा आला, शेतीची कामे निघाली म्हणून खंड पडला, तर रोगास पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. दर आठवड्यास रक्ततपासणी करावी. हिमोग्लोबिन कमी असल्यास किरणांचा परिणाम उणा पडतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त चढविण्यास सांगितल्यास नकार देऊ नये. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरगुती काढा देत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पथ्याच्या नावाखाली उपासमार करू नये. ताजे मासे, नीट शिजवलेली अंडी, डाळी, नाचणीची पेज यांची रुग्णास गरज असते. पोट बिघडल्यास आहारात कोणता बदल करावा, हे डॉक्टरांना विचारावे. पाणी उकळून प्यावे.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आतल्या गावातून रोज रुग्णालयात जाणे सोपे नाही. येथे ग्रामस्थांचे काम सुरू होते. पंचायतीने वाहनाची सोय पाहावी, शेजाऱ्यांनी घरची चूल व मुले सांभाळावीत आणि अधिकाऱ्यांनी सोबत जाणाऱ्या नातलगास रजा द्यावी. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड उपचारापूर्वीच तपासून घ्यावे.

शेवटी शिक्षकांना विनंती. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने आपल्या देशात बनविलेली लस २०२३ साली उपलब्ध झाली. नऊ ते चौदा वर्षे हे लस घेण्यास उत्तम वय होय. हे पालकांना सांगण्यास तुमच्याइतके योग्य दुसरे कोण? आणि तिशी ओलांडलेल्या भगिनींनी तपासणी करून घ्यावी. उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यातील खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेथील शेतकरी स्त्रियांना जे साधले, ते आपल्या भगिनींनाही साधेल.

मात्र जिचा उपचार आज चालू आहे, तिला एवढेच सांगा: “थकवा येईल, रक्त उतरेल, पण ते भरून येते. शेक पुरा कर, आम्ही सोबत आहोत.”