मिठाची वाट : मोतोई यामामोतो

आज आपण एका जपानी कलाकाराबद्दल बोलणार आहोत. त्यांचं नाव मोतोई यामामोतो, आणि ते काम करतात मिठात. हो, आपलं खायचं मीठ!

शिल्पकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगड येतो, ब्राँझ येतं. थोडक्यात, टिकणारं काहीतरी. यामामोतोंचं काम मात्र कुणाचा चुकून पाय लागला तरी विस्कटेल. मग इतकी मेहनत कशासाठी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

यामामोतोंचा जन्म 1966 सालचा, हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची या बंदराच्या गावातला. तरुणपणी ते जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. बाविसाव्या वर्षी ती नोकरी सोडली आणि पुढे कानाझावाच्या कला महाविद्यालयात शिकायला गेले. शिक्षण चालू असतानाच, 1994 मध्ये, त्यांची धाकटी बहीण मेंदूच्या कॅन्सरने गेली. वय अवघं 24.

त्या धक्क्यानंतर त्यांनी मृत्यू हाच विषय घेतला. शेवटच्या आजारातले उपचार, अंत्यविधी, असं एकेक घेऊन ते काम करत राहिले. आणि अंत्यविधीचा विचार करताना त्यांना मीठ सापडलं.

जपानमध्ये अंत्यविधीहून घरी परतलेला माणूस दारातच अंगावर चिमूटभर मीठ टाकून घेतो, शुद्धीसाठी. सुमो पैलवान आखाड्यात मीठ फेकतात तेही त्याचसाठी. म्हणजे मृत्यू आणि मीठ यांचं नातं तिथे घरोघरी ठाऊक आहे. यामामोतोंनी ते उचललं.

आता ते काम कसं करतात बघा. यंत्रांना तेल घालायची प्लास्टिकची बाटली असते ना, निमुळत्या तोंडाची, तिच्यात ते मीठ भरतात. मग जमिनीवर बसायचं आणि बाटली दाबत दाबत बारीक रेघ सोडत जायची. रांगोळी आपण चिमटीतून सोडतो, हे बाटलीतून सोडतात, एवढाच फरक! रेघेला रेघ जोडत अख्ख्या दालनभर चक्रव्यूह तयार होतो. तासन्‌तास, दिवसच्या दिवस हे चालतं. मिठाच्या विटा रचून त्यांनी अर्ध्यात ढासळलेले जिनेही केले आहेत, पण जगभर त्यांची ओळख झाली ती या चक्रव्यूहांमुळे.

त्यांच्या दृष्टीने ही रेघ ओढणं म्हणजे आठवणीचा माग काढत जाणं. गेलेलं माणूस हळूहळू पुसट होत जातं, याची भीती आपल्यालाही वाटतेच की! चेहरा आठवतो, पण आवाज नेमका कसा होता? बहिणीच्या आठवणी निसटू नयेत म्हणून यामामोतो हे करतात. फोटोत किंवा शब्दांत न मावणारं काहीतरी त्यांना त्या वाटेच्या टोकाला शोधायचं असतं.

आणि मग येतो मला सगळ्यात भिडलेला भाग. प्रदर्शन संपलं की लोकांना बोलवायचं आणि सगळ्यांनी मिळून तो चक्रव्यूह मोडायचा! मीठ गोळा करायचं आणि समुद्रात सोडायचं. 2006 पासून हा उपक्रम चालू आहे. 2012 मध्ये अमेरिकेत, चार्ल्सटन शहरात, प्रेक्षकांनी असंच हातांनी मीठ भरून घेतलं आणि पाण्यापर्यंत नेलं. ते मीठ पुढे कुठल्यातरी जिवाच्या पोटात जाईल, असा यामामोतोंचा विचार.

मला वाटतं, म्हणूनच हे काम दगडात होऊ शकलं नसतं. दगडाचं स्मारक एकदा उभं केलं की आपण मोकळे होतो, पुन्हा तिकडे फिरकलो नाही तरी चालतं. मिठाचं तसं नाही. ते सोडून द्यावं लागतं आणि पुढच्या गावी, नव्या दालनात, पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात करावी लागते. म्हणजे आठवण दरवेळी नव्याने काढावी लागते. ती विसरायची नाही, धरूनही बसायची नाही.

यामामोतोंच्या कामाचे व्हिडिओ मिळाले तर जरूर बघा, आणि बघताना त्यांच्या हाताकडे लक्ष द्या.