रात्री दोनला उघडलेलं विकीचं पान

आजचा भाग छोटा आहे. विषय डॉक्युमेंटेशन. थांबा, लगेच स्किप करू नका, आधी एक किस्सा ऐका.

आमच्या टीममध्ये एक मुलगी नवीन लागली होती. तिची पहिलीच रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी. रात्री दोनला डेटाबेस पडला. तिने तेच केलं जे आम्ही शिकवलं होतं: टीमचा विकी उघडला, रिस्टोअरचं पान काढलं आणि एकेक कमांड चालवत गेली. पण पानावर बॅकअपचा जो पत्ता होता, तिथे तीन महिने जुना बॅकअप पडून होता. तोच रिस्टोअर झाला.

सकाळी कस्टमरला तीन महिन्यांच्या ऑर्डर दिसेनात. ताजा बॅकअप नव्या सर्व्हरवर होता, त्यामुळे दुपारपर्यंत बहुतेक सगळं परत आलं. शेवटच्या काही तासांचा डेटा मात्र हाताने भरावा लागला. मीटिंगमध्ये ती रडवेली होऊन म्हणाली, "सॉरी, माझी चूक झाली."

चूक तिची नव्हतीच. बॅकअप नव्या सर्व्हरवर मी हलवला होता. तेव्हा ग्रुपवर मेसेजही टाकला होता, पण ती त्यानंतर जॉइन झाली. पान बदलायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, नंतर करू. ते 'नंतर' कधी आलंच नाही. हे सगळ्यांसमोर सांगताना मला घाम फुटला.

गंमत बघा, 'विकी विकी' म्हणजे हवाईयन भाषेत झटपट. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनी होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' नावाच्या बसवरून हे नाव उचललं आणि २५ मार्च १९९५ ला पहिला विकी सुरू केला. विकिपीडिया आला २००१ मध्ये. म्हणजे विकी आधी प्रोग्रामर लोकांसाठीच बनला. कल्पना साधी: जो वाचतोय, त्यालाच तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं पाहिजे. आपण मात्र एकदा लिहितो आणि विसरतो.

त्या रात्रीनंतर आम्ही काही सवयी लावून घेतल्या.

एक, पान बदलल्याशिवाय टास्क 'डन' होत नाही. सर्व्हर हलवला, पान तसंच आहे? मग काम अर्धवट आहे.

दोन, प्रत्येक महत्त्वाच्या पानावर सगळ्यात वर लिहायचं: शेवटचं कोणी तपासलं, कधी तपासलं. तपासलं म्हणजे नुसतं वाचलं नाही, कमांड टेस्ट सर्व्हरवर चालवून बघितल्या.

तीन, नवीन माणूस पहिल्या आठवड्यात पान बघून स्वतःच सेटअप करतो. जिथे अडकेल तिथे विचारतो आणि उत्तर मिळालं की पान तोच सुधारतो. आपल्याला जे सवयीने दिसत नाही, ते त्याला दिसतं.

चार, ग्रुपवर एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तर विकीवर जातं आणि ग्रुपवर फक्त लिंक. चॅट वर सरकत जातं, पान जागेवर राहतं.

आणि दोन सावधगिऱ्या. पासवर्ड विकीवर कधीच नाही. आणि विकी ज्या सर्व्हरवर आहे तोच पडला तर काय करायचं, हे त्याच विकीवर ठेवून उपयोग नाही. त्याची कॉपी दुसरीकडे हवी.

बरेच जण मला सांगतात, "आमचं इंग्रजी कच्चं आहे, पानावर काय लिहिणार?" अरे, लिहा! वाक्य मोडकं असलं तरी चालतं, कमांड चुकीची चालत नाही. आणि काही बिघडवाल ही भीती नको. विकी जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो, एका क्लिकमध्ये पान पूर्वीसारखं करता येतं.

ती मुलगी आजही आमच्या टीममध्ये आहे. रिस्टोअरच्या पानावर 'शेवटचं तपासलं' याच्यापुढे आता बहुतेक वेळा तिचंच नाव असतं.

तर आज एकच करा. तुमच्या टीमच्या विकीवरचं एक पान आठवा, जे चुकीचं आहे हे तुम्हाला नक्की माहितीये. आठवलं ना? हा भाग संपला की ते उघडा आणि दुरुस्त करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!