माधवगंजातले आपण

मंडळी, मी ग्वाल्हेरच्या लश्करमधला, माधवगंजचा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथं तळ दिला, त्याचंच पुढं लश्कर शहर झालं. सरदार, भटजी, कारकून सगळे मागोमाग आले. १९४७ नंतर सिंधी-पंजाबी निर्वासित आले, त्यांनी दुकानं थाटली. पण आमचे वाडे काही त्यांनी रिकामे केले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानीचा मान भोपाळला गेला, नोकऱ्याही तिकडे, आणि पोरं पुण्याला. तुमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेही त्याच दिवशी! तुम्ही निदान भांडलात. आमच्यावर हिंदी कुणी लादली नाही, आम्हीच घरात बोलू लागलो. आता दारावर मराठी आडनावाची पाटी, आत भाडेकरू भिंड-मुरैनाचे. त्यांची मुलं गणपतीत आरतीला येतात बरं का, नेमानं.